खिडकीतले कोळी आणि खालची बंद खोली

सासूबाई कोळ्याला घाबरायच्या. सापाला नाही, विंचवाला तर नाहीच. गावाकडं त्यांनी पायातल्या चपलेनं विंचू मारलेले. पण भिंतीवर कोळी दिसला की पदर सावरून लांब व्हायच्या. "अंगावर मुतला ना, की फोड उठतात. नुसती आग आग होती," असं म्हणायच्या. ते फोड कोळ्यामुळं येत नाहीत, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. त्यांचं उत्तर ठरलेलं. "तुला उठले की मग कळंल."

त्यामुळं मी पलंगावर पडल्या पडल्या दिवसभर कोळी बघत असते, हे त्यांना अजिबात आवडत नव्हतं.

मी पडून होते ते पाय मोडल्यामुळं. क्रांती चौकात सिग्नल सुटला, मी गाडी काढली आणि रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवरून स्कूटी अशी घसरली की मला पडल्याचंही आठवत नाही, फक्त भोवती जमलेल्या लोकांच्या चपला आठवतात. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. मी एका शाळेच्या ऑफिसात कामाला होते, तिथं रजा टाकली आणि पडेगावच्या आमच्या भाड्याच्या घरात, मागच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या पलंगावर माझा मुक्काम पडला. आम्ही वरच्या मजल्यावर, घरमालक खाली. नवरा शेंद्र्याला कंपनीत. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं म्हणून सकाळी लवकरच कंपनीच्या बसला जायचा आणि पुढच्या खोलीत झोपायचा, म्हणजे त्याच्या उठण्यानं मला त्रास नको. सासूबाई माझ्यासाठी गावाहून आल्या होत्या. त्या माझ्याच खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी कोपऱ्यात गादी टाकून झोपायच्या. त्या कोपऱ्यातून खालच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप वर गच्चीतल्या टाकीकडं जायचा. पाइपासाठी फरशीला पाडलेलं भोक गवंड्यानं नीट बुजवलेलं नव्हतं. पाइपाभोवती बोट जाईल एवढी फट होती. आम्ही तिच्यात जुन्या कापडाचा बोळा कोंबला होता आणि तिला विसरून गेलो होतो.

पहिला कोळी मला दिसला तो खिडकीच्या डासांच्या जाळीवर. करंगळीच्या नखाएवढा, काळा, अंगावर पांढरे पट्टे. मी त्याच्याकडं बघितलं आणि तो वळला. पळाला नाही. अख्खं अंग फिरवून तोंड माझ्याकडं केलं आणि बघत राहिला. एवढासा किडा आपल्याकडं बघतोय, हे मला नवीन होतं. मुंगी बघत नाही, झुरळ बघत नाही. पाल बघते, पण कुठं बघते ते कळत नाही. याचे समोरचे दोन डोळे मोठे, काळ्या मण्यांसारखे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघितलं तेव्हा कडेचे आणि डोक्यावरचे धरून आठ डोळे दिसले. मी पेन्सिल डावीकडं नेली, तो डावीकडं वळला. उजवीकडं नेली, उजवीकडं. पेन्सिलीचं टोक अगदी जवळ नेलं तर पुढचे पाय वर उचलून उभा राहिला, ये म्हटल्यासारखा.

हा कोळी जाळं विणत नाही. शिकार करतो मांजरासारखी. काचेवर माशी बसली की लांबूनच थबकायचा, मग अंग चेपून एकेक पाऊल सरकायचा. माशी हलली की हा थांबणार. ती पाय चोळायला लागली की हा पुन्हा पुढं. अगदी जवळ आल्यावर बुड टेकवून काचेला आपला धागा चिकटवायचा, आणि मग उडी. उडी डोळ्याला दिसायची नाही. आत्ता इथं होता आणि आता माशीच्या मानेवर, एवढंच. कधी नेम चुकला तर खाली पडायचा नाही, त्या धाग्याला लोंबकळायचा आणि धाग्यावरूनच वर चढून पुन्हा जागेवर. मी दिवसदिवस हेच बघायची. मोडलेल्या पायाची ठणक तेवढा वेळ जरा लांब जायची.

पुढं मातकट रंगाची एक मादी आली. पट्टेवाला तिच्यासमोर पुढचे दोन पाय आभाळाकडं करून डावी-उजवीकडं तुरतुर नाचला. ती हलली नाही. नुसती बघत होती, आणि तिचं ते बघणं मला चांगलं वाटलं नाही. या जातीत मादीला नाच पटला नाही तर ती नाचणाऱ्याला खाऊनही टाकते, असं मी मोबाइलवर वाचलं होतं. मी श्वास रोखून पडून होते. त्या दिवशी तो वाचला. मग काही दिवसांनी खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात पांढरी, दाट, कापसाच्या बोळ्यासारखी पिशवी दिसली. मादी त्या पिशवीत शिरली आणि आत अंड्यांवर बसून राहिली. शिकारीलाही बाहेर येईना.

"हे झाडूनं काढून टाकू का?" सासूबाईंनी केरसुणी हातात घेऊनच विचारलं.

"नको ना आई. मला तेवढीच करमणूक आहे."

"करमणूक! टीव्ही हाय, मोबाइल हाय, अन् हिला कोळ्याची करमणूक." पण केरसुणी खाली ठेवली. "माझ्या अंगावर आला तर मी ठेवायची नाय, सांगून ठेवते."

भादवा लागला होता. दिवसभर भुरभुर चालायची, ऊन म्हणून पडायचं नाही. भिंतींना ओल आली, धुतलेले कपडे दोन दोन दिवस वाळेनात. सासूबाई खिडकीच्या काचा ओढून घट्ट बंद करायच्या, की गार वारं माझ्या पायाला बाधेल. जिन्यात बसून घरमालकीणकाकू एकदा त्यांच्याजवळ तक्रार करत होत्या. शेतातला वर्षभराचा गहू आणि ज्वारी माझ्या खोलीच्या बरोबर खालच्या खोलीत पोत्यांत ठेवली होती आणि या दमट हवेत गव्हाला सोंडे, धान्यात पडणारे काळे किडे, झाले होते. "पोत्याला हात लावला तर पाऊस पडल्यावाणी सळसळ ऐकू येती बघा," काकू म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, "ऊन पडलं की वाळवा." काकू म्हणाल्या, "पडतंय कुठं ऊन?"

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी काकू वर आल्या. त्यांच्याकडं महालक्ष्म्या गावी, थोरल्या दिराकडं बसायच्या. सगळं घर निघालं होतं. "ताई, पाण्याचा दिवस आला तर मोटर तेवढी लावायला सांगा तुमच्या मालकाला. आम्ही तीन-चार दिवसांत येतो." मी बरं म्हणाले. सासूबाईंचा चेहरा उतरला होता. आमच्याही महालक्ष्म्या गावाकडंच बसायच्या आणि त्या माझ्या पायामुळं अडकल्या होत्या. खाली गाडी चालू झाल्याचा आवाज आला, गेट वाजलं, आणि घर एकदम गप्प झालं. खालच्या मिक्सरचा, टीव्हीचा, भांड्यांचा आवाज आपल्या किती सवयीचा होता, ते तेव्हा कळलं.

संध्याकाळी मला लसणाचा वास आला.

"आई, कशात लसूण घातलाय का आज?"

सासूबाई माझ्याकडं बघत राहिल्या. "सणाच्या दिवसांत लसूण? डोकं फिरलं का तुझं? घरात कांदा-लसणाची टोपली मी उचलून ठेवलीय."

मग मला वाटलं, बाहेरून येत असेल. आपा असतील फोडणी देत. आपा म्हणजे समोरच्या घरातल्या बाई. त्यांच्याकडच्या स्वयंपाकाचे वास गल्ली ओलांडून आमच्याकडं यायचे. पण काचा बंद होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचं डोकं दुखत होतं. "पित्त झालंय," त्या म्हणाल्या. महालक्ष्म्या चुकल्याचं मनाला लागलंय, असं मी समजले. मलाही मळमळत होतं, पण दुखण्याच्या गोळ्यांनी मला तसं व्हायचंच. नवरा जाताना म्हणाला, "मला पण जड जड वाटतंय. झोप झाली नाही बहुतेक." आम्हा तिघांनाही तीन वेगवेगळी कारणं मिळाली होती, म्हणून कुणी चौथं शोधलं नाही.

त्या दिवशी माशी काही आली नाही. डासही नव्हता. भिंतीवरून खिडकीकडं जाणारी मुंग्यांची रांग, जी मी रोज बघायची, ती दिसली नाही. पट्टेवाला काचेच्या मधोमध होता. मी पेन्सिल पुढं केली. तो वळला, पण उशिरानं, म्हाताऱ्या माणसाला मागून हाक मारल्यावर ते वळतं तसा. मग त्यानं उडी घेतली, कशावर ते मला कळलं नाही, कारण समोर काहीच नव्हतं. तो धाग्याला लोंबकळला. मी वाट बघितली, की आता वर चढेल. तो चढला नाही. पाय एकेक करून पोटाकडं आवळले गेले आणि तो तसाच धाग्याच्या टोकाला फिरत राहिला. जवळ पंखाही नव्हता आणि वाराही नव्हता.

"मेला का?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून घाईनं मोरीकडं गेल्या. त्यांना उलटी झाली होती.

मी नवऱ्याला फोन केला. संध्याकाळी येताना औषध घेऊन येतो म्हणाला. ते त्यानं आणलं, सासूबाईंनी घेतलं आणि त्यांना जरा बरं वाटलं, कारण त्या बराच वेळ गॅलरीत बसल्या होत्या. हे कारण मला नंतर कळलं. झोपायला त्या परत त्याच कोपऱ्यात आल्या.

तिसऱ्या दिवशी नवरा कामाला गेल्यावर सासूबाईंनी मला चहा दिला आणि "जरा पडते" म्हणून गादीवर आडव्या झाल्या. सकाळी अंघोळ झाल्यावर आडवं पडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मी चहाचा कप तसाच ठेवला. वास आता लसणाचा राहिला नव्हता, सुकलेल्या मासळीसारखा झाला होता. मी खिडकीकडं बघितलं. पांढऱ्या पिशवीला भोक पडलं होतं आणि मादी बाहेर आली होती. अंड्यांवरून इतके दिवस न हललेली ती चौकटीच्या फटीत तोंड खुपसून बसली होती, जिथून बाहेरची हवा यायची तिथं. तिला काही कळलं होतं असं मी म्हणणार नाही. किड्याला काय कळतं ते मला माहीत नाही. मी पेन्सिलीचं टोक तिच्याजवळ नेलं. ती वळली नाही. हळूच टेकवलं, तर ती सुटून खाली माझ्या चादरीवर पडली.

तेव्हा मी पहिल्यांदा खोलीत नीट बघितलं. ट्यूबलाइटच्या मागं राहणारी पाल पाइपापाशी फरशीवर उताणी पडली होती. तिच्या भोवती झुरळं. सासूबाईंच्या उशापासून हातभर अंतरावर. तो पाइप खालून, काकूंच्या गव्हाच्या खोलीतून वर येत होता.

"आई."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "हं," म्हणाल्या.

"आई, उठा. बाहेर चला."

"छातीवर कुणी बसलंय गं," त्या म्हणाल्या. आवाज बारीक, लहान मुलीसारखा.

मी काच ओढली. ओलीनं चौकट फुगली होती, काच हलेना. पलंगाला टेकवलेल्या वॉकरच्या पायानं मी ती ठोकली, पुन्हा ठोकली, तेव्हा थोडी सरकली आणि बाहेरची हवा आत आली. त्या हवेनं मला कळलं, की आपण इतका वेळ काय ओढत होतो. हाताला लागला तो फोन घेतला आणि काकूंना लावला. मागं आरतीचा आवाज येत होता.

"काकू, खालच्या खोलीत गव्हाला काही लावलंय का?"

"व्हय, ठेवल्यात की सोंड्यांच्या गोळ्या. पोत्यापोत्यांत. दारं-खिडक्या बंद करून फटींना कागदसुद्धा चिकटवला. का हो ताई?"

त्यांनी दाराच्या फटी बुजवल्या होत्या. वर पाइपाभोवती असलेल्या फटीचं त्यांच्याही लक्षात नव्हतं. मी फोन तसाच पलंगावर टाकला.

पलंगावरून मी कशी उतरले ते सांगता येत नाही. पाय सरळच्या सरळ, वाकत नव्हता. मी फरशीवर बसले आणि बसल्या बसल्या मागं सरकत सासूबाईंपर्यंत गेले. त्यांच्या काखेत हात घालून ओढायला लागले तर गादीच सरकायला लागली. मग गादीच ओढली. डोळ्यांपुढं काळं येत होतं, आणि दार तिथल्या तिथं दिसत असून जवळ येत नव्हतं. गॅलरीत पोचल्यावर मी कठड्याला धरून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. पावसात गल्ली रिकामी होती. पुन्हा ओरडले तेव्हा समोरच्या दारात आपा आल्या.

"क्या हुवा ताई?"

"आईंना उचला. वर या. घरात विषारी गॅस आहे. लवकर!"

आपा आणि त्यांचे मिस्टर दोघं धावत आले. आपांनी तोंडाला ओढणी बांधली होती. त्यांच्या मिस्टरांनी सासूबाईंना पाठुंगळी घेतलं आणि जिना उतरले. मला आपांनी धरलं. खाली आम्ही त्या बंद खोलीच्या दारावरून गेलो. दाराच्या कडेनं वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं व्यवस्थित चिकटवलेल्या दिसल्या. एकही सुरकुती नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरात फवारणी वगैरे?" मी गव्हाच्या गोळ्यांचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. ओल लागली की त्या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो, ते म्हणाले. सासूबाईंना आत घेतलं आणि मलाही दुसऱ्या खाटेवर झोपवून नाकाला नळी लावली. नवरा शेंद्र्याहून येईपर्यंत दुपार झाली. तो ओलाचिंब होता. त्यानं डॉक्टरांना विचारलं, "यावर उतारा काय असतो?"

"उतारा नाही. सलाइन, ऑक्सिजन देतोय. हृदयावर परिणाम होतो याचा. आपण वाट बघायची."

ती वाट बघणं मी विसरलेले नाही. सासूबाईंच्या छातीला लावलेल्या मशीनवर हिरवी रेघ पळायची आणि मध्येच अडखळायची. रेघ अडखळली की नवऱ्याचा हात माझ्या मनगटावर घट्ट व्हायचा. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या पुढच्या सकाळी त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं आणि नर्सला विचारलं, "सूनबाईचा पाय बरा हाय ना?" तेव्हा नवरा बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

काकू गावाहून तशाच निघून आल्या होत्या. हातात पुरणपोळीचा डबा. "ताई, महालक्ष्मीनं वाचवलं हो," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं, पण सासूबाईंनीच त्यांचा हात धरला. "त्यांनी काय मुद्दाम केलं?" त्या मला म्हणाल्या. "आपण बी गावाकडं ठेवायचो ना याच गोळ्या. पण तिथं धान्य बाहेरच्या पडवीत. वर कुणी झोपत नव्हतं." पोलीस जबाब लिहून घेऊन गेले. पुढं त्याचं काही झालं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

सासूबाईंचं हृदय पहिल्यासारखं राहिलं नाही. जिना चढताना त्या आता मध्ये थांबतात, आणि कितीही गारठा असला तरी खिडकी लावून झोपत नाहीत. कोळ्यांनी तुम्हाला वाचवलं, असं मला पुष्कळांनी म्हटलं. सांगायला ते छान वाटतं. ते कोळी आमच्याआधी मेले, आणि मी पडून असल्यामुळं त्यांच्याकडं बघत होते, यापलीकडं काही झालं नाही. पाय बरा असता तर मी ऑफिसात असते आणि सासूबाई त्या खोलीत एकट्या.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही घर बदलायचं ठरवलं. काकूंनी सगळं धान्य हलवलं होतं, खोली धुऊन काढली होती, पाइपाभोवती सिमेंट भरलं होतं. तरी मला त्या खोलीत झोप लागायची नाही. मी खिडकीकडं बघत पडायची. माशा परत आल्या, मुंग्या परत आल्या. पिशवी तशीच होती, आतली अंडी फुटली नाहीत. मी ती काढली नाही.

आम्ही सामान बांधत होतो त्या दिवशी नवीन भाडेकरू घर बघायला आले. तरुण जोडपं, बाईच्या कडेवर सहा-सात महिन्यांचं बाळ. काकू त्यांना खोल्या दाखवत होत्या. काकू पुढच्या खोलीत गेल्यावर मी त्या बाईला थांबवलं आणि झालेलं सगळं सांगितलं. खाली धान्य ठेवतात, सोंडे झाले तर गोळ्या ठेवतात, तुम्ही आधी विचारत जा. खिडकी उघडी ठेवा. लसणाचा वास आला तर बाळाला घेऊन आधी बाहेर पडा.

ती ऐकत होती. मान हलवत होती. बाळ माझ्या मागं काचेकडं टक लावून बघत होतं. मी वळून बघितलं तर तिथं काही नव्हतं.

"हो का," ती म्हणाली. मग तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "ताई, खरं सांगा, इथं पाणी किती दिवसांनी येतं?"